‘पीकी ब्लाइंडर्स’च्या सहाव्या सीझनचा पहिला भाग पाहून लोक एवढे का रडले?

तुमचा प्रश्न असा आहे: “पॉली आत्याचं मरण दाखवलंच नाही, दहा मिनिटांत सगळं उरकलं, तरी लोक ढसाढसा रडल्याचं का लिहितात? मला तर हा त्या पात्रावर अन्याय वाटला.” रडणाऱ्यांपैकी मीही एक आहे, म्हणून उत्तर देतोय. तुमची निम्मी तक्रार मला मान्य आहे, तिच्याकडे नंतर येतो. ज्यांनी सहावा सीझन पाहिलेला नाही त्यांनी इथेच थांबा, पुढे सगळं उघड करणार आहे.

‘पीकी ब्लाइंडर्स’ ही बर्मिंगहॅममधल्या शेल्बी या गुंड घराण्याची ब्रिटिश मालिका. टॉमी त्या घराण्याचा म्होरक्या, पॉली त्याची आत्या. आधी तारखा सांगतो, कारण त्यांच्याशिवाय हे रडू समजणार नाही. पाचवा सीझन संपला 22 सप्टेंबर 2019 ला. ओसवाल्ड मोस्ली या फॅसिस्ट पुढाऱ्याला मारायचा डाव फसलेला, आणि टॉमी धुक्यात, माळरानावर, स्वतःच्या कानशिलाला पिस्तूल लावून उभा. पडदा काळा झाला तो तिथेच. पुढचं शूटिंग मार्च 2020 मध्ये सुरू व्हायचं होतं, करोनामुळे थांबलं, आणि शेवटी जानेवारी 2021 मध्ये सुरू झालं. ते चालू असतानाच 16 एप्रिल 2021 ला पॉलीचं काम करणारी हेलन मॅक्रोरी गेली. वय 52. कॅन्सर होता, पण तो तिनं बाहेर कुणालाच कळू दिला नव्हता. तिचा नवरा डेमियन लुईस यानं बातमी दिली तेव्हाच जगाला कळलं. मालिकेचा लेखक स्टीव्हन नाइट याला कथा बदलावी लागली. 27 फेब्रुवारी 2022 च्या रविवारी रात्री बीबीसी वनवर पहिला भाग लागला. म्हणजे प्रेक्षक जवळपास अडीच वर्षं टॉमीच्या त्या पिस्तुलाशी अडकून होते, आणि त्यातले शेवटचे दहा महिने त्यांना हेही माहीत होतं की पॉली आता येणार नाही.

हा भाग बघायला बसलेल्या प्रत्येकाला एक मरण आधीच ठाऊक होतं, फक्त ते घरात कसं सांगितलं जाणार हे माहीत नव्हतं. जवळचं माणूस गेलेल्या घरी आपण जातो तेव्हा अशीच अवस्था असते ना? बातमी फोनवर कळलेली असते, तरी दारात चपला दिसल्या की छातीत धस्स होतं.

भाग सुरू होतो. टॉमी चाप ओढतो, पण पिस्तुलात गोळ्याच नाहीत, कुणीतरी आधीच काढून ठेवल्यात. मग कळतं की मोस्लीला मारायचा डाव कुणी उधळला, आणि त्याच लोकांनी जाताजाता शेल्बी घराण्याचा आधारच काढून घेतला आहे. मृतदेह घरी येतात. एका कापडाखाली पॉली असते. चेहरा दाखवत नाहीत. मग अंत्यसंस्कार. तिची घोडागाडी, जिला रोमानी (जिप्सी) लोक वार्डो म्हणतात, पेटवून दिली जाते. सगळं घर समोर उभं. पॉलीचा मुलगा मायकल टॉमीला जबाबदार धरतो आणि सूडाची शपथ घेतो. त्यानंतर कथा चार वर्षं पुढे जाते, 1933 च्या डिसेंबरात, अमेरिकेतली दारूबंदी उठली त्या सुमारास, मिकेलॉन नावाच्या फ्रेंच बेटावर. तिथल्या दारूच्या गुत्त्यात टॉमी पाणी मागतो. दारू सुटली आहे त्याची.

इतकंच. तुम्ही म्हणता ते खरं, मिनिटं मोजली तर थोडीच आहेत.

आता पॉली कोण होती ते बघू. मूळ मालिकेत तिला ‘आंट’ म्हणतात, आणि त्या एका शब्दात काकू, मावशी, मामी, आत्या सगळ्याच येतात. पण नातं लावून बघा: पॉली ही टॉमीच्या बापाची बहीण. म्हणजे आत्या. मराठी माणसाला हे कळलं की सगळं चित्र बदलतं. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगते ती आत्या. लग्न होऊन दुसऱ्या घरी गेली तरी माहेरच्या भाच्यांवर तिचा हक्क सुटत नाही, आणि रागवायचा अधिकार तर मुळीच सुटत नाही. पॉलीनं हेच केलं. बाप परागंदा, आई गेलेली, भाचरं हिनं वाढवली. पहिलं महायुद्ध चालू असताना पोरं फ्रान्समध्ये खंदकांत होती, तेव्हा बर्मिंगहॅममधला सगळा धंदा, हिशेबासकट, हिनंच चालवला. मालिका 1919 मध्ये सुरू होते, म्हणजे पोरं परत आल्यावर. तेव्हा आपण जे बघतो ते तिनं जपून ठेवलेलं घर असतं.

अगदी पहिल्याच भागात एक प्रसंग आहे. टॉमीचा भाऊ जॉन यानं भरलेलं पिस्तूल कुठेतरी टाकलेलं असतं आणि ते सगळ्यात धाकट्या भावाच्या, फिनच्या हाती लागतं. पॉली तेच पिस्तूल घेऊन जॉनला असा दम देते की त्याची बोबडी वळते. लढाईवरून आलेला, चार लेकरांचा बाप असलेला माणूस, आणि आत्यापुढे शाळकरी पोरासारखा उभा. हेलन मॅक्रोरी तिथे आवाज फारसा चढवत नाही. ती जवळ जाते. तिची सगळी जरब त्या जवळ जाण्यात आहे. पुढच्या सीझनांत पोलीस अधिकारी कॅम्पबेलला संपवताना, फाशीच्या दोरापर्यंत जाऊन परत येताना, तिचं हे जवळ जाणं मी वारंवार पाहिलं. टॉमीशी डोळ्याला डोळा लावून बोलू शकणारी ती एकटीच होती.

आता माझं. माझी आत्या एप्रिल 2021 मध्येच गेली, करोनानं, कराडला. मी पुण्यात. दुसऱ्या लाटेतले ते दिवस ज्यांनी पाहिलेत त्यांना वेगळं सांगायला नको. दवाखान्यातून फोन आला तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते, आणि सकाळी सातला सगळं झालंही होतं. आम्हाला आला तो चुलतभावानं लांबून काढलेला चाळीस सेकंदांचा व्हिडिओ. त्यात पांढऱ्या पोशाखातले चार अनोळखी लोक दिसतात, धूर दिसतो, आत्या दिसत नाही. चेहरा बघायला मिळाला नाही. दहावा, तेरावा फोनवरच झाला. पुढे कितीतरी दिवस मला ती गेली आहे हे पटायचंच नाही, वाटायचं, दिवाळीला फोन येईल आणि नेहमीसारखी म्हणेल, “काय रे, आत्याची आठवण येते की नाही?”

2022 च्या जूनमध्ये सहावा सीझन नेटफ्लिक्सवर आला. मी आणि धाकटा भाऊ एकत्र बघायला बसलो. गाडी पेटली, आणि आम्ही दोघंही हमसून रडायला लागलो. चौदा महिन्यांनी. त्या आगीसमोर घरातली सगळी माणसं उभी होती, नुसती उभी राहून बघत होती. आम्हाला तेवढंच मिळालं नव्हतं.

मला मनापासून वाटतं की तिकडच्या प्रेक्षकांच्या रडण्यातही याचा वाटा होता. ब्रिटनमध्ये तेव्हा अंत्यसंस्काराला फक्त 30 माणसांना परवानगी होती. हेलन मॅक्रोरी गेली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, 17 एप्रिल 2021 ला, प्रिन्स फिलिप यांचा अंत्यविधी झाला. तिथेही तीसच माणसं, आणि राणी एलिझाबेथ चर्चच्या बाकावर एकट्या बसलेल्या. तो फोटो तुम्हीही पाहिला असेल. राणीची ही गत, तर बाकीच्यांचं काय झालं असेल? असं वर्ष काढलेल्या लोकांना टीव्हीवर एका आवडत्या बाईचा अंत्यविधी मिळाला, आणि तो खोटाही नव्हता, कारण ती बाई खरोखर गेलेली होती. तो भाग तिच्याच स्मृतीला अर्पण केलेला आहे. टॉमीची भावंडं आर्थर आणि एडा तिथे उभे असतात तेव्हा ते पॉलीसाठी उभे आहेत की हेलनसाठी, हे वेगळं काढता येत नाही. सहकलाकारांनी शूटिंग करताना ते वेगळं काढलं असेल असं मला वाटत नाही.

गाडी जाळण्याबद्दल थोडं. ही पटकथाकाराची कल्पना नव्हे. इंग्लंडमधल्या रोमानी लोकांत माणूस गेलं की त्याची गाडी आणि चीजवस्तू जाळायची जुनी रीत आहे. शेल्बी कुटुंबात ते रक्त आहे. या लोकांचे पूर्वज साधारण हजार वर्षांपूर्वी आपल्याकडून, भारतातूनच निघाले, आणि त्यांच्या भाषेत ते आजही ऐकू येतं. पाण्याला पानी म्हणतात. नाकाला नाक, कानाला कान. पोराला म्हणतात चावो, म्हणजे आपला छावा. हे कळल्यापासून तो प्रसंग मला परक्यांचा वाटत नाही. आपल्याकडेही गेलेल्या माणसाचं अंथरूण-पांघरूण ठेवत नाहीत. आत्याच्या बाबतीत तेही कुणी धड केलं नाही. वस्तू तशाच पडून राहिल्या, आणि पुढे शिलाई मशीन कुणी न्यायचं यावरून दोन घरांत अबोला झाला. माझ्याकडे तिचा पितळी पानाचा डबा आहे. चुन्याच्या डबीचं झाकण घट्ट बसलंय, मी ते उघडत नाही.

आता तुमची तक्रार. पॉलीला पडद्याआड मारलं हे मलाही टोचलं. जी बाई दोराखालून परत आली, तिला कुणीतरी कुठेतरी मारलं आणि आपल्याला फक्त कापड दिसलं. पॉली झुंजल्याशिवाय गेली नसती. त्या रात्री काय झालं, तिनं शेवटी कुणाकडे कसं बघितलं, हे आपल्याला कधीच कळणार नाही. आणि पाचव्या सीझनच्या शेवटी तिचं आयुष्य कुठे जरा वळणावर येत होतं. एबरामा गोल्डशी लग्न ठरलेलं, कंपनीचा राजीनामा दिलेला. ते सगळं तिथेच तुटलं.

पण त्यांच्या हातात दुसरं काय होतं? आपल्याकडच्या मालिकांसारखं एका रात्रीत दुसरी नटी उभी करायची? पॉलीच्या जागी दुसरं कुणी सिगरेट पेटवताना मला एक मिनिटही बघवलं नसतं. तिला अमेरिकेला पाठवून दिलं असतं, तर प्रत्येक भागात दाराकडे बघत बसलो असतो. पाठमोरी बाई उभी करून आवाज जोडला असता, तर ती विटंबना झाली असती. त्यांनी चेहरा झाकला, जुन्या सीझनांतली खरीखुरी दृश्यं वापरली, आणि बाकीची जागा रिकामी सोडली. “या घरात युद्ध होईल आणि तुमच्यापैकी एक मरेल,” असं तिनं टॉमीला सांगून ठेवलेलं असतं. ते बोल सहाव्या सीझनभर पुन्हा येतात, आणि मायकल-टॉमीचं सगळं वैर त्यांच्यावरच चालतं. म्हणजे मरूनही घर तीच हाकते आहे. आत्यांचं असंच असतं. आमच्या घरात अजूनही कुठला निर्णय अडला की बाबा म्हणतात, “ताई असती तर काय म्हणाली असती?”

घाईत उरकल्यासारखं तुम्हाला वाटलं, त्याचं एक कारण असंही असू शकतं की तुम्ही सगळे सीझन सलग पाहिले असतील. पाचवा संपवून लगेच सहावा लावला, तर पॉली काल होती आणि आज नाही, एवढंच हाती लागतं. आम्ही मध्ये अडीच-पावणेतीन वर्षं काढली होती.

एक करून बघा. पहिल्या सीझनचा पहिला भाग परत लावा. जॉन आणि पिस्तुलाचा प्रसंग बघा, ती कशी जवळ जाते ते बघा. आणि मधलं काहीही न बघता सहाव्याचा पहिला भाग लावा, गाडी पेटेपर्यंत.