अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीत मध्यममार्गी मतदाराला काही किंमत उरली आहे का?

उरली आहे. २०२० मधलं मेन राज्य बघा. एकाच मतपत्रिकेवर अध्यक्षपदासाठी डेमोक्रॅट बायडन सुमारे ९ टक्क्यांनी पुढे, आणि सिनेटसाठी रिपब्लिकन सुझन कॉलिन्स जवळपास तेवढ्याच फरकाने विजयी! म्हणजे हजारो लोकांनी पक्ष नाही, माणूस बघून मत दिलं. जॉर्जियात बायडन अवघ्या ११,७७९ मतांनी जिंकले. अशा ठिकाणी थोडे लोक फिरले तरी निकाल फिरतो.

खरी अडचण त्याआधीच होते. पेनसिल्व्हेनियासारख्या राज्यात पक्षाच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत, त्या पक्षाकडे नाव नोंदवलेल्यांनाच मत देता येतं. अपक्ष मतदार दाराबाहेर. नोव्हेंबरमधल्या मुख्य निवडणुकीत मात्र इतरांनी ठरवलेल्या उमेदवारांतूनच त्याने निवडायचं. मला हे मनापासून अन्यायाचं वाटतं.