गेम खेळून मुलगा हुशार होईल का?

प्रश्न : बाई, माझा मुलगा नववीत आहे. क्लासवरून आला की दीड-दोन तास मोबाइलवर गोळीबाराचा गेम खेळतो. ओरडले तर म्हणतो, ‘आई, गेमने डोकं तल्लख होतं, शास्त्रज्ञांनीच सांगितलंय.’ सासरे म्हणतात, फोन काढून घे. खरं काय मानायचं?
– एक आई, भांडुप

उत्तर : मुलगा थाप मारत नाही, पण त्याच्या हाती अर्धीच गोष्ट आली आहे.

२००३ साली शॉन ग्रीन आणि डॅफ्नी बॅव्हेलिअर या शास्त्रज्ञांनी ‘नेचर’ या विज्ञानविषयक नियतकालिकात एक प्रयोग मांडला. गेम न खेळणाऱ्या काहींना दहा दिवस रोज एक तास गोळीबाराचा गेम खेळायला दिला, दुसऱ्या गटाला टेट्रिस, म्हणजे वरून पडणारे ठोकळे रचायचा गेम. पहिल्या गटाची नजर सुधारली. म्हणजे गर्दीतून हवी ती वस्तू टिपणं, एकाच वेळी अनेक गोष्टींवर लक्ष ठेवणं त्यांना आधीपेक्षा जमू लागलं. पण हे झालं नजरेचं आणि लक्षाचं. गणित, भाषा, विचार करणं ही वेगळी गोष्ट आहे. २०१० साली ‘नेचर’मध्येच ११,४३० जणांचा अभ्यास आला. ‘मेंदूचा व्यायाम’ म्हणून दिलेले खेळ त्यांनी सहा आठवडे खेळले. त्या खेळांत सगळे तरबेज झाले, पण त्याच्याशी मिळत्याजुळत्या दुसऱ्या कामातही प्रगती दिसली नाही.

मला याचं नवल वाटलं नाही. परळच्या शाळेत मी तीस वर्षं गणित शिकवलं. चाळीच्या गॅलरीत रात्री कॅरम कुटणारी मुलं माझ्या वर्गात होती. त्यातला एक स्ट्रायकर कडेला आपटून सोंगटी नेमकी पॉकेटात घालायचा, आणि भूमितीच्या तासाला कोन म्हटलं की मान खाली. एका शनिवारी मी बोर्डच वर्गात आणला, त्याला शॉट मारायला लावला आणि स्ट्रायकर ज्या वाटेने गेला आणि परत फिरला त्या दोन्ही वाटा खडूने आखून कोनमापक लावायला सांगितला. दोन्ही कोन जवळजवळ सारखे निघाले. तो कितीतरी वेळ बोर्डाकडेच बघत राहिला. वर्षानुवर्षं हातात असलेली गोष्ट डोक्यात यायला कोणीतरी विचारावं लागलं.

म्हणून माझं म्हणणं, फोन काढून घेऊ नका. एक मॅच त्याच्या शेजारी बसा. ‘इकडेच का वळलास? समोरचा तिथे असेल हे कशावरून ओळखलंस?’ असं खरोखर जाणून घेण्यासाठी विचारा, उलटतपासणी नको. वेळ मिनिटांत ठरवू नका, मॅचमध्ये ठरवा, ‘आज दोन’. टीमचा खेळ मध्येच तोडायला लावला की मुलं चिडतात, आणि ते रास्त आहे. झोपताना फोन तुमच्या खोलीत. गेममध्ये पैसे भरायची सोय असते, तेव्हा यूपीआयचा पिन त्याला कळू देऊ नका.

खेळणं आवरताच येत नसेल, त्यापायी शाळा, जेवण, मित्र सुटत असतील आणि हे महिनोन्‌महिने चाललं असेल, तर डॉक्टरांना दाखवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत याची नोंद आहे. तुमच्या पत्रातून तसं काही दिसत नाही. क्लास बुडवत नाही, तुमच्याशी वादही घालतो.

शेजारी बसून विचाराल तेव्हा तो काय म्हणाला, ते मला नक्की कळवा.