पुष्यातला नारिंगी तारा: तेच ते प्रश्न

डेल्टा कॅन्क्री म्हणजे पुष्य नक्षत्राचा योगतारा (नक्षत्राची खूण मानलेला तारा), अंधूक कर्क राशीतला नारिंगी राक्षसी तारा. त्याच्याबद्दल दरवर्षी तेच प्रश्न येतात. या वेळी एकत्रच उत्तरं देते.

प्रश्न: जुलैच्या उत्तरार्धात पुष्य लागतं. तेव्हा हा तारा छान दिसेल ना?

मुळीच नाही. पुष्य लागलं म्हणजे सूर्य तिथे आला. 1 ऑगस्टच्या सुमारास तर तारा सूर्यबिंबाच्या मागेच जातो. फेब्रुवारी ते एप्रिल, संध्याकाळी, पुनर्वसूची जोडी आणि मघा यांच्यामध्ये शोधा. सूर्याच्या दिशेने दुर्बीण चुकूनही नेऊ नका.

प्रश्न: नारिंगी म्हणजे मरणपंथाला लागलेला. फुटला तर?

फुटणार नाही. त्यासाठी सूर्याच्या निदान आठपट वस्तुमान हवं, याचं दुपटीच्या आसपासही जेमतेम. बाहेरचे थर सोडून देऊन तो श्वेत बटू, म्हणजे निवत जाणारा छोटा, घट्ट गाभा होईल. 2019च्या अखेरीस काक्षी (बीटलज्यूस, मृगातला तांबडा तारा) मंदावला तेव्हापासून कोणताही तांबूस तारा 'उद्या फुटणार' असे निरोप फिरताहेत. पुढे ढकलण्याआधी एखाद्या जाणत्याला विचारत चला.

प्रश्न: फोटोत तो भडक केशरी असतो, मला नुसता पांढुरका ठिपका दिसतो. डोळ्यांत दोष आहे का?

बहुधा फोटोत आहे. तारा चौथ्या प्रतीचा, म्हणजे तसा मंदच. इतक्या मंद उजेडात रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी जवळपास गप्प असतात, आणि दंडपेशींना रंग कळत नाही. फोटोवाला मात्र लांब एक्स्पोजर घेतो आणि वर घरी बसून रंग चढवतो. मग लोक आकाशाला नावं ठेवतात! तापमान जितकं जास्त, तितका उजेड पांढरा. ताऱ्याचं तापमान सुमारे 4,600 केल्विन, सूर्याचं 5,770. जुन्या पिवळ्या बल्बची तार 2,700च्या घरात. म्हणजे हा 'नारिंगी' तारा त्या बल्बपेक्षा कितीतरी पांढरा. रंग फिकाच असायचा.

तरी तो दिसतो. 10×50ची (दहा पट, 50 मिमी भिंगांची) द्विनेत्री घ्या, फोकस किंचित बिघडवा. ठिपका पसरून छोटी चकती होते आणि तिच्यावर जर्दाळूसारखी झाक येते. त्याच दृष्टिक्षेत्रात उत्तरेला गॅमा कॅन्क्री आहे, पांढरा. एकाकडून दुसऱ्याकडे नजर फिरवली की फरक कळतो. मात्र अंधारात एकूणच कमी दिसत असेल, दिव्यांभोवती वलयं दिसत असतील, तर नेत्रतज्ज्ञाकडे जा. 'दोन वर्षं असंच आहे' असं एकाने कळवलंय. दोन वर्षं कशाची वाट पाहिलीत?

प्रश्न: शेजारच्या तारकागुच्छातलाच ना हा?

नाही. तारा 130-140 प्रकाशवर्षांवर, गुच्छ सुमारे 600.

प्रश्न: पैसे भरून याला मुलीचं नाव देता येईल?

फ्रेम मिळेल, तारा नाही. नावांना मान्यता आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघ देतो आणि ती विकत नाही. याचं मान्य नाव आहे असेलस ऑस्ट्रेलिस, म्हणजे दक्षिणेचं गाढव. गॅमा हे उत्तरेचं, आणि गुच्छ ही दोघांची गव्हाण. मुलीला काय हवं ते आधी तिलाच विचारा.

प्रश्न: 60 मिमीची दुर्बीण, '675 पट' लिहिलंय. ताऱ्याचा पृष्ठभाग दिसेल?

नाही. या भिंगाला 120 पटींच्या पुढे नुसता धुरळा दिसतो. तारा सूर्याच्या दहापट रुंद असला तरी ठिपकाच राहतो. आकाशदर्शन मंडळातल्या कुणाच्या तरी दुर्बिणीतून आधी बघा, मग खिशात हात घाला.