रिकाम्या चौकात सिग्नल तोडणं आणि पाकीट मारणं, दोन्ही सारखेच गुन्हे का?

तुम्ही विचारलंय, की रात्री रिकाम्या चौकात सिग्नल तोडला तरी शिक्षा आणि पाकीट मारलं तरी शिक्षा, मग फरक काय? मी वकील नाही. सोलापुरात माझं शेंगाचटणी आणि कडक भाकरीचं दुकान आहे, आणि हा फरक मी काट्यावर शिकलो.

इलेक्ट्रॉनिक काटा दर वर्षी तपासून त्यावर शिक्का मारून घ्यावा लागतो. एकदा लग्नसराईच्या गडबडीत माझी तारीख उलटून गेली. तपासणीला आलेल्या साहेबांनी पाच किलोचं वजन ठेवलं, काट्यानं बरोबर पाच किलो दाखवलं. तरी दंड झालाच. मी तो वाद न घालता भरला. काट्याच्या पोटात काय चाललंय ते गिऱ्हाइकाला दिसत नाही, शिक्का बघूनच ते विश्वास टाकतं.

आता दुसरा दुकानदार घ्या. शिक्का कोरा करकरीत, पण चटणी डब्यासकट तोलतो आणि डब्याचं वजन चटणीच्या भावानं विकतो. उद्या वजनमापाचा कायदाच रद्द झाला तरी ही लबाडीच. कायदेपंडितांकडे यासाठी लॅटिन नावं आहेत: माझा गुन्हा 'मालुम प्रोहिबिटुम', बंदी आहे म्हणून गुन्हा, त्याचा 'मालुम इन से', मुळातच वाईट.

बंदी घालणाराही चुकू शकतो, हे आम्हा सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको. १९३० साली इथं मार्शल लॉ लागला तेव्हा तिरंगा बाळगणं हाच गुन्हा ठरला होता.

बंदीच्या गुन्ह्यात 'मला माहीत नव्हतं' ही सबब मात्र सहसा चालत नाही. १९६२ साली झुरिकहून मनिलाला निघालेला एक जर्मन प्रवासी मुंबई विमानतळावर ३४ किलो सोन्यासह सापडला. भारतातून नुसतं पुढं जाणारं सोनंसुद्धा विमानाच्या मालयादीत दाखवायचं, हा नियम राजपत्रात येऊन चारच दिवस झाले होते. हायकोर्टानं त्याला सोडलं. सुप्रीम कोर्टानं बहुमतानं दोषी धरलं.

तुमच्या सिग्नलचं म्हणाल, तर चौक खरंच रिकामा असेल तेव्हा पावती फाडा, पण स्वतःला पाकीटमार समजू नका. मात्र आमच्या सोलापुरातल्या 'सात रस्ता' चौकात रात्री अकराला कुणी नाही असं वाटतं आणि तेवढ्यात बाजूच्या रस्त्यानं कुणीतरी बायको-पोराला घेऊन गाडीवर येतो. तो दिसल्यावरही तुम्ही गाडी दामटलीत, तर ते नुसतं नियम मोडणं राहत नाही.