लॉकडाऊनमध्ये घेतलेला टॅब आता बदलावा, का अजून थांबावं?

तुमचा प्रश्न असा आहे की २०२० ला ऑनलाइन शाळेसाठी घेतलेला सॅमसंगचा टॅब ए७ आहे, ३ जीबी रॅमवाला, मुलगी आता अकरावी सायन्सला आलीय, सीईटीची तयारी करतेय, टॅब मध्येच अडकतो, चार्जिंग धड होत नाही, मग आत्ताच नवीन घ्यायचा, दिवाळीच्या सेलपर्यंत थांबायचं, का पुढचं मॉडेल येईपर्यंत कळ काढायची.

मी सांगलीत विश्रामबागला आठवी ते बारावीचे गणिताचे क्लास घेते. फळ्यावर फार कमी लिहिते, टॅबवर लिहिते आणि ते समोरच्या टीव्हीवर पोरांना दिसतं, म्हणजे रोजचे चार-पाच तास हातात टॅबच असतो. २०२० पासून हा माझा तिसरा टॅब. पहिला बदलला तो बदलायलाच हवा होता, दुसरा मात्र मी जवळजवळ विनाकारण बदलणार होते, म्हणून तुम्हाला जरा सविस्तर लिहिते.

पाच वर्षं झाली, हे टॅब बदलायचं कारण होत नाही. मुलीचं काम नेमकं कुठं अडतंय आणि ते अडणं दुरुस्त होण्यासारखं आहे का, एवढंच बघायचं. आणि हे अंदाजाने कळत नाही हो, लिहूनच काढावं लागतं.

माझं काय झालं सांगते. दुसरा टॅब दोन-सव्वादोन वर्षांचा झाल्यावर मला रोज वाटायचं की हा गेला आता, नवीन घेऊया. आमचे मिस्टर मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशेब बघतात, त्यांना कुठलीही गोष्ट वहीत चढल्याशिवाय खरी वाटत नाही. ते म्हणाले, पंधरा दिवस लिहून ठेव, कधी अडला, काय करताना अडला, किती वेळ गेला. मी कपाटाच्या दाराला एक पान चिकटवलं आणि शेजारी दोरीने पेन बांधलं. पंधरा दिवसात तेवीस नोंदी झाल्या, त्यातल्या चौदा एकट्या चार्जिंगच्या होत्या, म्हणजे रात्री लावला आणि सकाळी ३० टक्केच, वायर एका बाजूला दाबून धरली तरच चालू. सहा वेळा 'स्टोरेज फुल' आलं होतं. राहिल्या तीन, तेवढ्यात टॅब खरंच हळू चालला म्हणून क्लास थांबला होता. मी मात्र पंधरा दिवस सगळ्यांना सांगत होते की टॅब स्लो झालाय.

मग दुरुस्तीला नेला. पहिल्या दुकानात हातात घेऊन दोन मिनिटात सांगितलं, बोर्ड गेलाय, आठ-नऊ हजार खर्च येईल, त्यापेक्षा नवीन घ्या. मी पैसे भरायच्या तयारीत होते पण त्या पानावरच्या चौदा नोंदी डोक्यात होत्या, बोर्ड गेला असता तर वायर दाबल्यावर चार्जिंग सुरू कसं झालं असतं? दुसऱ्या दिवशी गणपती पेठेच्या बाजूला एक पोरगा दुरुस्ती करतो त्याच्याकडे नेला. त्याने आधी टॅब बंद केला, डोळ्याला भिंग लावलं आणि लाकडी टूथपिकने चार्जिंगच्या खाचेतून करड्या रंगाचा कापसाचा बोळा बाहेर काढला, चांगला ज्वारीच्या दाण्याएवढा. मी टॅब कापडी पिशवीतून नेते-आणते, तिचेच धागे आत जाऊन घट्ट बसले होते आणि पिन पूर्ण आतच जात नव्हती. शिवाय खाच ढिली झाली होती म्हणून चार्जिंगचा छोटा बोर्ड बदलला, सगळे मिळून साडेसहाशे रुपये. त्यानंतर तोच टॅब मी आणखी सव्वा वर्ष वापरला.

म्हणून आज रात्रीच तुमच्या टॅबच्या खाचेत टॉर्च मारून बघा. सुई किंवा पिन आत घालू नका, धातूने आतल्या बारीक पट्ट्या वाकतात.

आता हळू चालण्याचं. ए७ मध्ये ३२ नाहीतर ६४ जीबी जागा येते, त्यातली बरीचशी सिस्टीमच खाते, उरलेल्या जागेत लॉकडाऊनपासूनचे शाळेचे ग्रुप, त्यावरचे गुड मॉर्निंग, गॅदरिंगचे व्हिडिओ, एकच पीडीएफ चारदा उतरवलेली. या किमतीच्या टॅबमधलं स्टोरेज काठोकाठ भरलं की सगळंच रेंगाळतं. याला मेमरी कार्ड बसतं, लेक्चरचे व्हिडिओ तिकडे हलवा, आत सहा-सात जीबी तरी कायम मोकळी ठेवा. तरी फरक पडला नाही तर सगळ्याचा बॅकअप घेऊन फॅक्टरी रीसेट मारा, म्हणजे टॅब पुसून नव्यासारखा करा, आणि लागतात तेवढीच ॲप परत टाका. एक रविवार जाईल पण निम्म्या घरांत नवीन टॅबचा विषय तिथंच मिटतो हे मी माझ्या पोरांच्या घरी बघितलंय.

पण काही गोष्टी दुरुस्तीने सुटत नाहीत. ३ जीबी रॅम वाढवता येत नाही, ती बोर्डावरच पक्की बसवलेली असते. मुलगी एका बाजूला लेक्चर आणि दुसऱ्या बाजूला पीडीएफ असं करायला गेली की एक ॲप बंद होऊन परत पहिल्यापासून उघडणार. माझ्यासारखाच एक कागद तिलाही लावून द्या, त्यावर असल्या नोंदी रोज दोन-तीन यायला लागल्या तर मग नवीन घ्यायला काहीच हरकत नाही, कारण रोजची एकाग्रता मोडणं हे मोठं नुकसान आहे. दुसरं म्हणजे अपडेट. ए७ अँड्रॉइड १० वर आला आणि १२ वर थांबला. घाबरायचं कारण नाही, २०२५ मध्ये क्रोमने अँड्रॉइड ८ आणि ९ सोडलं, म्हणजे १२ ला अजून वेळ आहे, अभ्यासाची ॲप चालतील. सेटिंग्समध्ये जाऊन टॅबच्या माहितीत सिक्युरिटी पॅचची, म्हणजे सुरक्षेच्या शेवटच्या अपडेटची, तारीख तेवढी बघा, फार जुनी असेल तर त्यावर बँकेचं काही, यूपीआय वगैरे करू नका, ते फोनवरच ठेवा. नुसतं 'अपडेट येत नाही' म्हणून अभ्यासाचा टॅब फेकायची गरज नाही.

एका बाबतीत मात्र एक दिवससुद्धा थांबू नका, आणि हे मी माझ्या पहिल्या टॅबवरून सांगतेय. क्लासची खोली वरच्या मजल्यावर, पत्र्याची, एप्रिल-मेमध्ये दुपारी तिथं बसवत नाही. टॅब कायम स्टँडवर आणि कायम चार्जरला, मला वाटायचं १०० टक्के असलेला बरा. एक दिवस टेबलावर आडवा ठेवला तर तो डुगडुगायला लागला, फरशी वर-खाली असली की पाट कसा डुगडुगतो तसा. उचलून बघितलं तर एका कडेला स्क्रीन आणि बॉडीमध्ये नखभर फट, त्यातून आतला उजेड दिसत होता. बॅटरी फुगली होती. लिथियमच्या बॅटरीला सतत पूर्ण भरलेलं राहणं आणि उष्णता दोन्ही सोसत नाही, मी दोन्ही दिलं होतं. पोरं हात लावत होती त्या टॅबला, आजही आठवलं की पोटात गोळा येतो. असं दिसलं की चार्जर काढा, टॅब बंद करा, दाबून फट बुजवायचा प्रयत्न करू नका, गादीवर-उशीजवळ ठेवू नका आणि दुरुस्तीवाल्याकडे न्या. तेव्हापासून मी चार्जिंग २० ते ८० टक्क्यांच्या मध्ये ठेवते आणि दुपारी टॅब खालच्या खोलीत आणते. तुमचा टॅब तर पाच वर्षांचा आहे, सपाट फरशीवर ठेवून चारी कोपऱ्यांना एकदा हळूच बोट लावून बघा, डुगडुगतो का.

आता पुढचं मॉडेल येईपर्यंत थांबायचं का. याला मी ठामपणे नाही म्हणेन. साध्या आयपॅडचंच बघा, २०१९, २०२०, २०२१, २०२२ असं दरवर्षी नवीन मॉडेल आलं, २०२२ चं ऑक्टोबरमध्ये आलं, तेव्हा लोक म्हणायचे आता पुढच्या वर्षी घेऊ. त्यानंतरचं आलं थेट मार्च २०२५ ला. तेव्हा अकरावीत असलेल्या पोरीची सगळी बारावी त्यात गेली असती. आणि स्वस्त कधी झालं तर मॉडेल बदललं तेव्हा नाही, त्याच २०२२ वाल्याची किंमत भारतात ४४,९०० होती ती मे २०२४ मध्ये ३४,९०० वर आली. म्हणजे थांबायचंच तर किमतीसाठी थांबा, आणि तेही दसरा-दिवाळीचे सेल दीड-दोन महिन्यांवर आले असतील तरच, त्याच्या पलीकडे नाही.

विद्यार्थ्यासाठी खरं कॅलेंडर परीक्षेचं. तुम्ही सीईटीची, म्हणजे बारावीनंतरच्या इंजिनिअरिंग वगैरेच्या राज्याच्या प्रवेश परीक्षेची, तयारी म्हणताय, तर त्यात बारावीचा भाग ८० टक्के आणि अकरावीचा २० टक्के असतो. म्हणून नवीन टॅब घ्यायचाच झाला तर उशिरात उशिरा अकरावीची परीक्षा संपल्यावर सुट्टीत घ्या, बारावीच्या डिसेंबर-जानेवारीत अजिबात नको. नवीन टॅबवर हात बसायला, नोट्स इकडून तिकडे न्यायला महिना जातो आणि तो महिना बारावीत कुणाकडेच नसतो. आणखी एक, सीईटीला गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात, कॉम्प्युटरसमोर बसून, पण आकडेमोड कागदावर करायची. ती सवय टॅबने लागत नाही, वहीनेच लागते. माझ्याकडच्या दोन पोरी तर पूर्ण तयारी जुन्या टॅबवर लेक्चर बघून आणि ढीगभर रफ वह्या भरून करतात, त्यांचं काही अडत नाही.

घ्यायचं ठरलंच तर आधी मुलीला विचारा, ती टॅबवर लिहिणार आहे का नुसतं बघणार आहे. इथं लोक हमखास फसतात. सॅमसंगचा टॅब ए९ प्लस चांगला आहे, स्क्रीन मोठी आहे, पण त्याला एस पेन, म्हणजे सॅमसंगचा स्क्रीनवर लिहायचा पेन, चालत नाही, मग लोक रबरी टोकाचा शंभर-दीडशेचा पेन आणतात आणि त्याने x चा वर्ग लिहिताना वरचा २ कुठंतरी भलतीकडेच उमटतो, शिवाय तळहात टेकला की रेघोट्या. लिहायचं असेल तर पेन बॉक्समध्येच येतो असा घ्या, सॅमसंगमध्ये एस६ लाइट किंवा एस९ एफई. आयपॅडला पेन्सिल वेगळी विकत घ्यावी लागते, ती धरूनच बजेट काढा. नुसतं बघायचं-वाचायचं असेल तर पेनच्या भानगडीत पडू नका, ६ जीबीच्या पुढे रॅम आणि १२८ जीबी जागा बघा, बास. सिमवालाच हवा असं काही नाही, घरी वायफाय नसलं तरी फोनचा हॉटस्पॉट पुरतो.

आणि पैसे खर्च करायच्या आधी महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थेची योजना बघून घ्या. ओबीसी, विमुक्त जाती-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातल्या नॉन-क्रीमीलेअर मुलांना दहावीनंतर सायन्सला प्रवेश घेऊन जेईई, नीट, सीईटी करायची असेल तर त्यांनी टॅब आणि इंटरनेट डेटा दिलेला आहे. बसत असाल तर या वर्षीची अर्जाची मुदत त्यांच्या वेबसाइटवर बघा, अकरावीच्या सुरुवातीलाच चौकशी केलेली बरी. आमच्या क्लासमध्ये एकीला असा टॅब मिळाला आणि तिच्या वडिलांनी आधीच हप्त्यावर घेतलेला होता, फार वाईट वाटलं.

तर आज खाच आणि कोपरे बघा, रविवारी साफसफाई करा आणि तो कागद मुलीलाच लिहायला सांगा, तुम्ही लिहू नका, कारण अडतंय तिचं. चार्जिंगच्या आणि जागेच्या नोंदी जास्त निघाल्या तर दुरुस्ती, ॲप बंद पडण्याच्या निघाल्या तर नवीन.

एक मात्र विसरू नका, टॅब दुरुस्तीला द्यायच्या किंवा रीसेट मारायच्या आधी तिच्या नोट्सची पीडीएफ काढून ड्राइव्हवर टाका आणि दुसऱ्या फोनवर उघडून बघा, खरंच उघडतात का. माझ्या पहिल्या टॅबबरोबर वर्तुळाच्या प्रकरणाच्या सगळ्या आकृत्या गेल्या, दोन वर्षं बसून काढलेल्या, त्या तशा परत कधी जमल्या नाहीत.