आयोली म्हणजे नक्की काय, नाव कुठून आलं?

आयोली हा लसणाचा घट्टसर सॉस, नावाचा अर्थ सरळ 'लसूण-तेल', फ्रान्सच्या दक्षिणेकडच्या प्रोव्हान्सल भाषेत 'आय' म्हणजे लसूण आणि 'ओली' म्हणजे तेल, दोन्ही मूळ लॅटिनमधून आलेत (आलियम आणि ओलेउम, लसणाचं शास्त्रीय नाव आलियम सटायव्हम त्यातलंच). शेजारी स्पेनच्या कॅटलान भाषेत तर अजून स्पष्ट, 'आल्य इ ओली' म्हणजे लसूण आणि तेल, आणि तिकडच्या जुन्या पद्धतीत खरंच एवढंच असतं, खलबत्त्यात लसूण-मीठ पार गंधासारखं वाटायचं आणि ऑलिव्ह ऑइल थेंब थेंब सोडत घोटत राहायचं, घाई केली की फाटलंच. प्रोव्हान्समध्ये अंड्याचा बलक पण घालतात. तिथे हे नाव इतकं जिव्हाळ्याचं की कवी मिस्त्राल यांनी 1891 मध्ये काढलेल्या प्रोव्हान्सल पेपरचं नावच 'आयोली' होतं!

फक्त आपल्याकडे कॅफेत बर्गरबरोबर आयोली म्हणून जे येतं ते बहुतेक वेळा लसूण घातलेलं मेयोनीजच असतं, त्यामुळे अंडं खात नसाल तर आधी विचारून घ्या, आणि शोरमाबरोबरचं पांढरं तूम वेगळं, ते अरबी, त्याचा अर्थ नुसताच लसूण.