स्वस्तातलं ऑपरेशन निवडलं तर मी वाईट मुलगा ठरेन का?

"पैसे बघून उपचार ठरवतोय, मॅडम. बाबांवर अन्याय होतोय का?" हा प्रश्न घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला येणारे आता मला दारातूनच ओळखू येतात. कधी आईची अँजिओप्लास्टी असते, कधी सासऱ्यांचा मोतीबिंदू. सुधीरच्या (नाव बदललंय) वडिलांचे दोन्ही गुडघे गेले होते, ते बदलायचे होते.

सुधीर चाकणला एका कारखान्यात सुपरवायझर. घराचे हप्ते चालू, कंपनीच्या मेडिक्लेममध्ये आईवडील नाहीत. मोठ्या कॉर्पोरेट रुग्णालयाचं एस्टिमेट ट्रस्टच्या रुग्णालयापेक्षा दुपटीहून जास्त. त्यात बहीण फोनवर म्हणाली, "बाबांच्या बाबतीतपण हिशेब?" तेव्हापासून त्याची झोप उडाली.

मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीनं काम करते, म्हणजे त्रासामागची समजूत शोधून ती तपासायला लावते. त्यामुळे बहीण काय बोलली यापेक्षा ते त्याला इतकं का लागलं, हे मला शोधायचं होतं. जास्त खर्च म्हणजे जास्त माया, हे तो मनातून मानत होता आणि ते कधी तपासून पाहिलं नव्हतं.

मी त्याला एस्टिमेट आणायला सांगितलं. (समुपदेशनात बिलं कशाला, असं काही सहकारी म्हणतात. म्हणोत.) कॉर्पोरेटच्या कागदावर तीन रकाने होते: जनरल, सेमी-प्रायव्हेट, डिलक्स.

"सर्जनच्या फीचे आकडे तीन. सर्जन किती?"

"एकच."

"मग डिलक्सवाल्याला तो जास्त काळजीनं टाके घालतो का?"

सुधीर हसला. पण हसून गाठ सुटत नाही, हे मला अनुभवानं माहीत आहे. म्हणून पुढच्या भेटीत विचारलं, "समजा, सगळ्यात महागडं ऑपरेशन केलंत आणि तरी गुडघा दुखतच राहिला. मग?"

तो बराच वेळ गप्प बसला. मीही बसू दिलं. मग म्हणाला, "मग निदान मला कुणी बोलणार नाही."

इथे सगळं उलगडलं. कॉर्पोरेटचे ते वरचे पैसे बाबांच्या गुडघ्यासाठी नव्हतेच. उद्या नातेवाइकांनी बोट दाखवू नये म्हणून तो ते मोजायला निघाला होता. हे त्याचं त्यालाच ऐकू आलं आणि खांदे खाली आले. अशा जागी नेमका प्रश्न पडावा लागतो. तो पडला याचं मला आजही समाधान आहे.

पुढचं काम व्यवहाराचं होतं, आणि ते कुणालाही करता येईल. डॉक्टरांना विचारा: आत्ताच करायला हवं का, थांबलं तर काय बिघडेल, दुसरा मार्ग आहे का? दुसरं मत घेतल्यानं डॉक्टरांचा अपमान होत नाही. कृत्रिम गुडघ्याची कमाल किंमत केंद्रानं २०१७ मध्येच बांधून दिली आहे, त्यामुळे बिल कशानं फुगलं ते बघायला खोली, फी आणि तपासण्यांचे आकडे नीट वाचा. महाराष्ट्रात २०२१ च्या नियमांनुसार खासगी रुग्णालयांनी दरपत्रक आणि रुग्ण हक्कांची सनद लावायला हवी. ती मागायला लाजू नका. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत असतात. सत्तरी ओलांडलेल्यांना २०२४ पासून उत्पन्नाची अट न घालता आयुष्मान कार्ड (केंद्राच्या मोफत उपचार योजनेचं) मिळतं. पण ते आपण निवडलेल्या रुग्णालयात चालतं का आणि आपलं ऑपरेशन त्यात बसतं का, हे दाखल होण्याआधी आरोग्यमित्राला (रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनिसाला) विचारा. गुडघ्याच्या बाबतीत फिजिओथेरपीचे पैसे आधीच बाजूला काढा. सगळा खर्च खोलीवर करून व्यायामात काटकसर करणारी घरं मी पाहिली आहेत.

हे सगळं तातडी नसतानाचं. छातीत कळ आली असेल तर तुलना करत बसू नये.

आणि निर्णय एकट्यानं घेऊ नका. सुधीरनं दोन्ही एस्टिमेट बहिणीला पाठवली, बाबांसमोरही ठेवली. बाबा म्हणाले, "ट्रस्टचं बरं. कट्ट्यावरच्या मंडळींना रिक्षानं येता येईल." बहीण काही दिवस घुश्शात होती. फिजिओथेरपीचं बिल मात्र तिनंच भरलं.